आईनं सोडलेला पेरू

"ही पेज तुम्हीच खा," म्हणत आईनं वाटी माझ्याकडे सरकवली. "मला पेरूची कोशिंबीर कर. पेरू करकरीत घे, मऊ नको. कोवळी काकडी कोचून घाल त्यात. आणि मीठ आत्ता घालून ठेवू नकोस, पानात वाढताना घाल. नाहीतर पाणी सुटतं."

हातात चमचा धरून मी तशीच बसून राहिले. अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनीही पेपर खाली केला.

गेली दोन वर्षं आई विसरत चालली होती. आधी किल्ल्या विसरली, मग वार विसरली, मग माझ्या मुलांची नावं. गेल्या महिन्यात तर जेवायचंच विसरली. घास तोंडात धरून ठेवायची आणि चावायचं राहून जायचं. अण्णांनी संगमनेरला फोन करून मला बोलावून घेतलं तेव्हा तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, "दात शाबूत आहेत, गिळता येतंय. जे मागतील ते द्या. मागणं बंद झालं की आपल्या हातात काही राहत नाही." मी आल्यापासून चार दिवसांत तिनं काहीच मागितलं नव्हतं. आज मागितलं.

दुसरी कुठलीही लेक धावत बाजारात गेली असती. बाजारात जायचीसुद्धा गरज नव्हती. आमचं गाव राहाता. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पेरूशिवाय दुसरा वास नसतो. पण मी जागची हलले नाही, कारण आईनं पेरू सोडला होता आणि त्याला साक्षीदार मीच होते.

अकरा वर्षांपूर्वी मी तिला यात्रा कंपनीबरोबर काशीला नेलं होतं. काशीला गेलं की एखादं फळ, एखादी भाजी कायमची सोडून यायची आपल्याकडे पद्धत. आमच्या गाडीतल्या बायका एकेक हुशार. कुणी कारलं सोडलं, कुणी शेपू. एका बाईनं सफरचंद सोडलं, जे तिच्या घरी कुणी आजारी पडल्याशिवाय यायचंच नाही. आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी पेरू सोडते."

"आई, अगं राहात्यात राहायचंय आपल्याला," मी म्हटलं. "जरा विचार कर. पडवळ सोड, तुला तसंही आवडत नाही."

"जे सोडताना आपलं काही जात नाही, ते देवाला कशाला द्यायचं?" ती म्हणाली. "राजा घरी येऊन माझ्या हातचा पेरू खाईल, त्या दिवशी मी खाईन. तोवर नाही." मग तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं. "शालन, मी काय, उद्या म्हातारी होईन. चुकून तोंडाशी नेला तर तू माझा हात धरायचास. शब्द दे."

मी दिला. तेव्हा त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

राजा म्हणजे माझा धाकटा भाऊ, मोहिनीराज. त्याला ना शाळेत गोडी ना नोकरीत. अण्णा मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर साखळी टाकून सरळ रेघा मारल्या, त्यामुळे घरातलं वाकडं त्यांना खपायचं नाही. चार लोकांचे उंबरे झिजवून त्यांनी राजाला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात चिकटवलं आणि तिसऱ्या महिन्यात तो ते सोडून आला. त्या दिवशी पान वाढलेलं होतं. अण्णा म्हणाले, "या घरात आयतं गिळायला मिळणार नाही." राजा भरल्या ताटावरून उठला, हात धुतला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. ताटात वरणभात होता, बटाट्याची भाजी होती आणि त्याची आवडती पेरूची कोशिंबीर. आईनं ते ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

त्याचं पत्र नाही, फोन नाही. काशीला गेलो तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता तेरा. या तेरा वर्षांत मी एक दिवस असा घालवला नाही की राजा आज येईल असं मला वाटलं नाही. नवरा थट्टा करायचा, पोस्टमनपेक्षा तूच जास्त वेळा फाटकाशी जातेस म्हणून. माझ्या मनानं घेतलं होतं की आईनं पेरू सोडलाय म्हणजे तो कुठंतरी सुखरूप आहे. तिनं तो तोंडात घातला की तुटलं. असं मनात येणं म्हणजे वेडगळपणा, हे मलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग?

"करते हं," असं म्हणून मी आत गेले आणि काकडी कोचली, मुळा किसला, डाळिंबाचे दाणे घातले. पेरूच्या जागी सफरचंद पातळ चिरून घातलं. वर दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, चिमूटभर साखर. मीठ पानात वाढताना घातलं. आईनं एक घास घेतला. चांगला चावला. मी मनात म्हटलं, खपलं.

"हा पेरू नाही," आई म्हणाली.

"पेरूच आहे गं. नवीन जात आहे."

तिनं घास हातावर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "मला वेड लागलंय असं वाटतं का तुला?"

आई पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी तिनं दूधही घेतलं नाही.

"पेरू घाल तिला," अण्णा ओसरीवर येऊन मला म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "अण्णा, तिनं सोडलाय तो."

"मला माहीत आहे."

"कशासाठी सोडलाय तेही माहीत आहे ना?"

"घाल म्हणतो ना. पोरी, तिला विसर पडलाय. तिच्या पोटात काही जाऊ दे."

"तिला पडलाय, मला नाही पडला. मी शब्द दिलाय तिला."

अण्णांनी पायात चपला सरकवल्या आणि देवळाकडे निघून गेले. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळंच सोपं वाटायला लागतं, असं मी मनात म्हटलं. मला त्यांचा राग आला होता. ज्यांनी राजाला घालवलं त्यांनीच आता दारही लावून घ्यायला निघावं, याचा राग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उन्हात ओसरीवर बसवलं होतं. मी तिची वेणी घालत होते. फाटकातून पेरूवाली आत आली. नेहमीची नव्हती, नाहीतर आमच्या दारात ती थांबलीच नसती. तिनं पाटी उतरवली, वरची पानं बाजूला केली.

"घ्या की ताई. आत्ताच झाडावरून काढल्यात. दहिवर बी वाळलं न्हाई अजून."

"नको बाई, पुढं जा."

"आजींना इचारा की. आजी, घेता ना?"

आई पुढे वाकली. चार दिवस जिला उठवून बसवायला दोन माणसं लागत होती ती आपणहून वाकली. तिनं पाटीतला एक पेरू उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाशी नेला. तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. पदरानं तिनं तो पुसला आणि तोंडाशी नेला.

मी तिचा हात धरला.

ठरवून नाही धरला. काशीला जसं तिनं सांगितलं होतं तसा तो आपोआप धरला गेला. आईनं हात ओढला, मी सोडला नाही. तिच्या अंगात ताकद ती किती, पण तिनं पुन्हा ओढला. पेरू हातातून सुटून पायरीवरून घरंगळत गेला.

"हात का धरलास?" आईनं विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. "मी चोरी केली का?"

"नाही गं आई."

"मग तुमच्या घरात मला खायला का देत नाही?"

आमच्या घरात, असं नाही म्हणाली. तुमच्या घरात म्हणाली. मग ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. पेरूवालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याविषयी तिला काय वाटलं ते तिच्या नजरेत होतं. तिनं चार पेरू मुकाट्यानं आईच्या मांडीवर ठेवले, पाटी उचलली आणि पैसे न मागता निघून गेली.

अण्णा दारात उभे होते. ते बाहेर आले, आईच्या मांडीवरचे पेरू उचलले आणि मला म्हणाले, "आत चल."

स्वयंपाकघरात आल्यावर मी त्यांना बोलू दिलंच नाही.

"तुम्हाला तो यायलाच नकोय," मी म्हटलं. "भरल्या ताटावरून तुम्ही उठवलंत त्याला. आणि आता तिनं इतकी वर्षं जे जपलं तेही तुम्हाला मोडायचंय. उद्या राजा दारात आला तर त्याला काय सांगू? की तुझ्या नावानं सोडलेलं आम्हीच तिला खाऊ घातलं?"

अण्णांनी पेरू ओट्यावर ओळीनं मांडले. शेवटचा घरंगळत होता, त्याला हात लावून थांबवला.

"तो येणार नाही, शालन."

"तुम्ही कोण सांगणार?"

"मी त्याला अग्नी दिलाय."

मला आधी ते कळलंच नाही. शब्द कळले, पण ते राजाबद्दल आहेत हे कळलं नाही. अण्णा खाली पाटावर बसले. उभ्यानं त्यांना पुढचं सांगता येत नव्हतं.

"आठ वर्षं झाली. कचेरीच्या पत्त्यावर पत्र आलं. वापीहून. त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पोरानं लिहिलं होतं. राजाला कावीळ झालीय, पोटात पाणी झालंय, लवकर या म्हणून. हिला सांगितलं की मोजणीच्या केसची तारीख आहे आणि गेलो. पोचलो तेव्हा तो गेलेला होता. त्याच दिवशी सकाळी." त्यांनी हातानं गुडघा दाबला. "त्याच्या ट्रंकेत माझ्या ऑफिसचं जुनं पाकीट होतं. त्यावरून त्या पोरानं पत्ता लिहिला. पाकीट रिकामंच होतं. कशाला ठेवलं होतं कुणास ठाऊक."

"आणि तुम्ही घरी येऊन काही बोलला नाहीत?"

"सांगणारच होतो. सगळ्या वाटेत तेच घोकत आलो. घरी आलो तर ही फाटकात उभी. पिशवीत पेरू. कुणीतरी बागेतले आणून दिले होते, ती शेजारी वाटायला निघाली होती. मला म्हणाली, बघा किती सुरेख आहेत, पुढच्या हंगामात राजा असेल. तिथं माझं तोंड जे मिटलं ते मिटलं."

मी भिंतीला टेकले. आठ वर्षं मी फाटकाशी जात होते.

"दहा दिवस मी जमिनीवर झोपलो," अण्णा म्हणाले. "सुतक नको का पाळायला? कंबर धरलीय असं सांगितलं. तर ही रोज संध्याकाळी तेल गरम करून आणायची आणि माझी कंबर चोळायची. सुतकात अंगाला तेल लावू नये गं. आणि ती चोळत होती, नको म्हणायची सोय नव्हती. मी देवाला म्हटलं, जो काय दोष असेल तो मला लाव, तिला काही ठाऊक नाही."

"सांगितलं असतंत तर निदान पेरूतून तरी सुटली असती."

"सुटली नसती. मग तिनं तो जन्मभरासाठी सोडला असता. येईल म्हणून न खाणं वेगळं, शालन." त्यांनी ओट्यावरच्या पेरूंकडे पाहिलं. "परवा मी तिला विचारलं, राजा कुठं असेल गं आता? तर माझ्याकडे बघून म्हणाली, कोण राजा?"

अण्णा रडले नाहीत. मी मात्र तिथंच खाली बसले आणि तोंडावर ओढणी दाबून धरली, कारण ओसरीवर आई होती. राजासाठी रडत होते की तिच्या मनगटासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचं ते काडीसारखं मनगट मी घट्ट धरून ठेवलं होतं, एका मेलेल्या माणसासाठी.

अण्णांनी विळी ओढून घेतली. जन्मात कधी भाजी चिरली नव्हती त्यांनी.

"बिया काढायच्या असतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मधला गर काढून टाकायचा. कडेचं तेवढं घ्यायचं, पातळ चिरायचं."

त्यांनी पेरूच्या सारख्या चार फोडी केल्या, मधला बियांचा गर सुरीनं कोरून काढला. मोजणीवाल्याचा हात, सगळे काप एका मापाचे. मी काकडी कोचली. हातावर काकडी धरून सुरीनं वरून टचटच घाव घालायचे आणि मग बारीक कापायचं, आईनंच शिकवलं होतं. मुळा घेतला, दाण्याचं कूट घेतलं, मिरची वाटून लावली, वर लिंबू पिळलं. घरात फक्त विळीचा आणि सुरीचा आवाज होता. चार पेरूंपैकी अण्णांनी तीन चिरले. एक बाजूला ठेवला होता, मग थोड्या वेळानं तोही चिरला.

आईचं रडणं केव्हाच थांबलं होतं. कशासाठी रडली तेही ती विसरली होती. मी तिच्यापुढे ताटली ठेवली आणि वरून मीठ भुरभुरलं.

"आत्ताच घातलंस ना मीठ?" तिनं विचारलं.

"आत्ताच घातलं. तुझ्यादेखत."

आईनं पहिला घास घेतला. करकर असा आवाज आला. तिनं डोळे मिटले आणि सावकाश चावला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी एकेक घास मोजल्यासारखा बघत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. अण्णा तिच्या समोर पायरीवर बसले होते. त्यांनीही तिच्या तोंडावरची नजर काढली नाही. आठ हिवाळे त्यांनी तिला पेरूकडे पाठ फिरवताना पाहिलं होतं, आणि दर वेळी खा म्हणायला तोंड उघडून पुन्हा मिटलं असेल.

ताटली अर्धी झाली तेव्हा आई थांबली.

"किती वर्षांनी केलीस गं," ती मला म्हणाली. "इतके दिवस का करत नव्हतीस?"

मी अण्णांकडे पाहिलं.

"पेरूच चांगले मिळत नव्हते," अण्णा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, जुन्या दिवसांत हसायची तशी, खांदे हलवून.

"राहात्यात?" ती म्हणाली. "राहात्यात पेरू मिळत नव्हते? अहो, थापा तरी धड मारा."

"चुकलंच माझं," अण्णा म्हणाले आणि तेही हसले. हसता हसता त्यांनी तोंड फाटकाकडे वळवलं. खांद्यावरच्या पंच्यानं चष्मा पुसायला घेतला आणि पुष्कळ वेळ पुसत बसले.

आईनं ताटली संपवली. तळाशी राहिलेलं आंबट पाणीसुद्धा ताटली तिरपी करून प्यायली. तिचं आटोपल्यावर अण्णा उठले, परसात गेले आणि बंबात दोन ढलप्या टाकल्या. थोड्या वेळानं आत येऊन त्यांनी माझ्यापुढे धुतलेला टॉवेल धरला.

"पाणी काढलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अंघोळ करून घे. डोक्यावरून."

कितीही उशिरा कळलं तरी कळल्यावर डोक्यावरून अंघोळ करायची असते. ती झाली की माणूस आपल्यासाठीही जातो. मी टॉवेल घेतला.

"आता भर दुपारी कसली अंघोळ?" आईनं विचारलं. "आज काही आहे का?"

"काही नाही गं," अण्णा म्हणाले. "प्रवासाचा शीण आहे तिला."

न्हाणीघराचं दार लावून मी पाटावर बसले. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि राजाचं नाव घेतलं. पाण्याचा आवाज मोठा होता, तेवढ्यात रडून घेतलं. दाराबाहेर आईची पावलं आली. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता चालत आली होती.

"शालन," ती बाहेरून म्हणाली, "केस कोरडे पूस हो. थंडीचे दिवस आहेत."

मी हो म्हणाले आणि आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला.